एक्केचाळीस घड्याळांचं शांत घर

पाहुण्याला घरात येऊन त्या रविवारी एकवीस दिवस झाले. त्यातले वीस त्याने बहुतांशी जिन्याखाली काढले होते आणि एकविसाव्याबद्दलही कोणाला फारशी आशा नव्हती.

'पाहुणा' हे नाव दादांनी ठेवलं. म्हणजे ठेवलं नाही, ते पडलं. बेबीने प्राण्यांच्या निवाऱ्यातून तो तपकिरी, एक कान मुडपलेला कुत्रा आणून घड्याळांच्या दुकानाच्या दारात उभा केला, तेव्हा तिच्या थोरल्या भावाने डोळ्यावरचं भिंग न काढता विचारलं होतं, "हा पाहुणा किती दिवस?" प्रश्न कुत्र्याबद्दल होता. पण नऊ महिन्यांपूर्वी बेबी स्वतः दोन बॅगा घेऊन त्याच दारात उभी राहिली होती आणि तेव्हाही दादांनी भिंग काढलं नव्हतं. त्यामुळे तिने तो प्रश्न दोघांच्या वतीने मनात जपून ठेवला.

बेबी छप्पन्न वर्षांची होती. ज्यांनी तिला बेबी म्हणायला सुरुवात केली त्यांनी फार पुढचा विचार केलेला नव्हता.

कुत्र्याचं रीतसर स्वागत केलं ते फक्त आप्पांनी, म्हणजे दादा-बेबीच्या वडिलांनी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला या घरात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली जाते: वर्णन, तक्रार, मालक, परत द्यायची तारीख. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आप्पांनी कुत्र्याला नीट न्याहाळलं आणि चिठ्ठी लिहिली. 'वर्णन: तपकिरी. तक्रार: शेपूट चालत नाही.' पुढचे दोन रकाने त्यांनी कोरे सोडले. तोवर कुत्रा जिन्याखाली गेला होता, म्हणून चिठ्ठी जिन्याच्या कठड्याला बांधली. ती अजून तिथेच लटकत होती.

तर त्या रविवारी निवाऱ्याच्या बाई शेवटच्या पाहणीला येणार होत्या. एकवीस दिवसांत कुत्रा रुळला असेल तर सही करायची, नसेल तर परत न्यायचा, असा त्यांचा नियम. सकाळी दहाला दादा खालच्या पायरीवर बसून बूट घालत होते आणि बेबी समोर उभी राहून विनवणी करायची नाही असं ठरवून विनवणी करत होती.

"दादा, त्या विचारतील तेव्हा एवढंच सांग, की बरा आहे."

"बरा आहेच. जिन्याखाली ठेवलेली कुठलीही वस्तू बरीच असते. तिथे आपली जुनी छत्रीही बरी आहे."

"तुला तो नकोय."

"मला कुठे काय हवं-नको असतं? मी दुकान चालवतो."

हे बोलताना दादांनी उजव्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी ते बघत होत्या. रविवारी दुकान बंद असतं. बूट घालून दादांना कुठेही जायचं नव्हतं.

वहिनींचं गेल्या तीन आठवड्यांतलं निरीक्षण असं होतं, की नवऱ्याला बूट घालायला आता वीस मिनिटं लागतात. पूर्वी दीड लागायचं. शिवाय ते पायरीवर बसताना हातात पावाचा तुकडा घेऊन बसतात आणि उठताना हात रिकामा असतो, तोंड मात्र हलत नाही. याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. लग्नाला बत्तीस वर्षं झाली की काही गोष्टी बोलून वाया घालवायच्या नसतात.

"वन्सं," त्या नणंदेला म्हणाल्या, "अंडी उकडलीत. एक त्याला न्या. मी दिलेलं नाही."

त्यांनी एक आधीच दिलेलं होतं. आप्पांनीही दिलेलं होतं. कुत्रा रुळला नसेल, पण गोल होत चालला होता.

बेबी अंडं घेऊन जिन्यापाशी उकिडवी बसली. कुत्र्याने तिच्याकडे बघितलं, अंडं सभ्यपणे खाल्लं आणि हनुवटी पुन्हा पंजांवर ठेवली. तीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून तिने दुसऱ्यांचं बोलणं शब्दशः उतरवून घेतलं होतं. न बोलणाऱ्याचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने पर्स उघडली. आतल्या कप्प्यात वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं: 'एकट्या व्यक्तीसाठी खोली. पाळीव प्राणी चालतील.' ते आहे याची खात्री करून तिने पर्स मिटली.

*

बाई साडेअकराला आल्या. पन्नाशीच्या, दमदार, कोटावर चार रंगांचे केस. त्यांचे स्वतःचे त्यातले कुठलेच नव्हते.

त्या आल्या तेव्हा पाहुणा चक्क बाहेर होता. खालच्या पायरीवर हनुवटी टेकून, दादांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर. बेबीला वाटलं, देव असलाच तर तो सकाळी साडेअकराच्या सुमारास कामाला लागत असावा.

सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. टेबल, जिना आणि दुकानाचं मधलं दार ही तिन्ही एकाच खोलीत होती. पणजोबांनी घर बांधताना घड्याळांना जागा आधी दिली आणि माणसांना उरलेली. बाईंनी फॉर्म काढला आणि भराभरा विचारत गेल्या. खातो का? खातो. किती वेळा? यावर चौघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. फिरायला नेता का? दोनदा. कोण नेतं? बेबी. भुंकतो का? अजून नाही. चावतो का?

"त्याला तेवढी ओळख वाटत नसावी," दादा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "नऊ नंबर. घाबरल्यावर कोणाकडे जातो?"

वहिनींनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"जिन्याखाली," बेबी शेवटी म्हणाली. खोटी साक्ष कशी दिसते हे तिने फार जवळून पाहिलं होतं.

"इथे माणसाचं नाव लागतं, मॅडम. बाकी सगळ्याला चालढकल करता येते. खाणं, फिरणं, चपला फाडणं. याला नाही. भीती वाटल्यावर ज्याला माणूस सुचत नाही, तो त्या घरात राहत नसतो, लपून असतो. हा रकाना रिकामा राहिला तर मला त्याला आज न्यावं लागेल."

"वर्षभरात..." बेबी म्हणाली.

"वर्षभरात त्याला दुसरं घर मिळू शकतं. आता चार वर्षांचा आहे, पाचचा झाला की कोणी बघत नाही."

तेवढ्यात पाहुणा उठला. घाईने नाही, ट्रेन पकडायची सवय असलेल्या माणसासारखा, आणि जिन्याखाली निघून गेला.

"आता काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "तो असाच जातो. दर तासाला पाचेक मिनिटं कमी असताना. नंतर येतो पुन्हा थोडा वेळ."

"तू हे कधी बोलली नाहीस," दादा म्हणाले.

"कोणी विचारलं नाही. तज्ज्ञ तुम्ही."

"दर तासाला?" बाई म्हणाल्या. "तासाला काय होतं?"

"काय होणार?" दादा म्हणाले. "रविवारी इथे काहीच होत नाही. मी तर म्हणतो, एवढं शांत घर असून या प्राण्याला जर..."

आणि बारा वाजले.

एक्केचाळीस घड्याळं एकदम वाजत नाहीत. आधी स्वयंपाकघरातलं एक खोकल्यासारखं सुरू झालं, मग दुकानातली भिंतीवरची एकोणीस, मग कपाटातली, मग वरच्या मजल्यावरची. शेवटी जिन्यापाशी उभं असलेलं पणजोबांचं पुरुषभर उंचीचं घड्याळ, थेट कुत्र्याच्या डोक्यावर. प्रत्येकाचे बारा. बाईंच्या कपातला चहा बशीत आला. त्यांनी दोन्ही हात टेबलावर घट्ट रोवले आणि समोर बघितलं. समोर चार माणसं स्वस्थ बसली होती. दादांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हवा खात बसल्याचा भाव होता. म्हाताऱ्याने एक बिस्कीट चहात बुडवलं. वहिनींनी साखरेचं भांडं उचलून भुवयांनीच 'हवी?' असं विचारलं. हा प्रकार जवळजवळ तीन मिनिटं चालला.

"...तर दोष घराचा नाही," दादांनी वाक्य पुरं केलं.

बाईंनी बशीतला चहा कपात परत ओतला. मग त्यांनी फायलीतून बेबीचा मूळ अर्ज काढला. "इथे एक प्रश्न होता. घरातल्या आवाजाची पातळी. तुम्ही लिहिलंय, 'शांत'."

"हो."

"गमतीने?"

"मी तीस वर्षं कोर्टात होते. गमतीने काही लिहिलेलं नाही."

"मग आत्ता जे झालं ते काय होतं?"

"काय झालं?" बेबीने खरोखरच विचारलं, आणि विचारताना तिच्या लक्षात आलं. लहानपणापासून तिने हे टोले इतक्यांदा ऐकले होते, की ते तिच्यासाठी आवाज राहिलेच नव्हते. कोर्टाच्या गावी भाड्याच्या खोलीत पहिला महिना तिला झोप आली नव्हती. कारण काय ते डॉक्टरलाही सापडलं नव्हतं.

दादांच्या चेहऱ्यावरून हळूहळू रंग उतरत होता. भिंग लावलं नसलं की त्यांचा उजवा डोळा उघडा पडल्यासारखा दिसायचा. "खटका," ते म्हणाले. "टोल्याच्या पाच मिनिटं आधी आत एक खटका पडतो. तयारीचा. माणसाला ऐकू येत नाही. आम्हाला येतो, लक्ष दिलं तर." त्यांनी जिन्याकडे बघितलं. "त्यालाही येतो."

"तीन आठवडे," वहिनी म्हणाल्या, "आपण त्याचं अंथरूण बदलतोय, अन्न बदलतोय, डॉक्टर बदलतोय." मग त्या थांबल्या. "मी आले तेव्हा चार महिने झोपले नव्हते."

"कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. बारा वाजत होते."

*

कारण कळलं की प्रश्न सुटतो, अशी बाईंची समजूत होती. त्या या घराण्याला नव्या होत्या.

"मग टोले बंद करा," त्या म्हणाल्या.

"ते होणार नाही," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही. या घरात आवाज चढवून उपयोग नसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. "ही घड्याळं आमची नाहीत, गिऱ्हाइकांची आहेत. दुरुस्त झालेलं घड्याळ आठ दिवस आमच्या घरात चालतं, वाजतं, मग परत जातं. पणजोबांपासून. टोले तपासल्याशिवाय या दुकानातून एक घड्याळ बाहेर गेलेलं नाही. उद्या कोणाच्या घरी अकराला दहा वाजले, तर तो कुत्र्याला विचारायला येणार नाही."

"दादा."

"बेबी, हा हट्टाचा विषय नाही. हे काम आहे."

"मी हट्ट करत नाहीय." बेबीने पर्स उघडली. "तू बरोबर बोलतोयस. घर घड्याळांचं आहे, ते आधीपासून होतं. तो नेला तर मी त्याला सोडणार नाही, एवढंच. मी एक खोली बघून ठेवलीय. तिथे कुत्रा चालतो." तिने कात्रण टेबलावर ठेवलं आणि बोटाने सरळ केलं.

दादांनी ते वाचलं. दोनदा. त्यात एवढं वाचण्यासारखं काही नव्हतं.

"कधी बघितलीस?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तू मला म्हणालीस, दाताकडे चाललेय."

"दाताकडेही गेले होते."

दादा उठून जिन्यापाशी गेले आणि परत आले. नऊ महिन्यांपूर्वी बहीण येणार म्हणून त्यांनी वरची सुट्या भागांची खोली स्वतः रिकामी केली होती, सतरा खोकी खाली वाहून आणली होती आणि कंबर धरून चार दिवस पडून होते. हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. सांगायचं नव्हतंच खरं तर. असल्या गोष्टी समजून घेतल्या जातात असा त्यांचा अंदाज होता. त्यांना आता वाटलं, अंदाजात थोडी चूक असावी.

"आठ दिवसांचा नियम मी मोडू शकत नाही," ते म्हणाले, पण वाक्याचा शेवट जरा खाली पडला.

"अहो, मग तुम्हीच जा त्या खोलीत," वहिनी म्हणाल्या. "घड्याळं घेऊन. वन्सं आणि कुत्रा राहतील माझ्याकडे. दोघांना माझं ऐकू तरी येतं."

दादांनी बायकोकडे बघितलं. बत्तीस वर्षांत ती पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली होती, आणि तिथे तिला बरं वाटत असल्यासारखं दिसत होतं.

तेव्हा आप्पांनी बिस्किटाचा उरलेला तुकडा बशीत ठेवला.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"मोठ्याने बोलतो, आप्पा," दादा म्हणाले.

"तसं नाही. अजिबात येत नाही. अकरा वर्षं झाली."

घराची अधिकृत भूमिका अशी होती, की आप्पांना थोडं कमी ऐकू येतं. सगळे गप्प झाले. आप्पांनी ते ओळखलं, कारण ओठ थांबले.

"ओठ वाचतो मी. तू पुटपुटतोस ते वाचता येत नाही. पण त्यावाचून माझं काही अडलेलं नाही." त्यांनी दादांना बजावलं आणि उजव्या हाताची तर्जनी वर केली. "टोले कोण तपासतं या दुकानात?"

"तुम्ही."

"कशाने?"

दादांनी त्या वर केलेल्या बोटाकडे बघितलं. रोज सकाळी नऊला आप्पा एकेका घड्याळाच्या पेटीवर बोट टेकवून डोळे मिटून उभे राहतात, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. म्हाताऱ्या कारागिराची लकब समजून ते गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचेही.

"अकरा वर्षांत एक तरी घड्याळ चुकीच्या टोल्यांसाठी परत आलं?"

"नाही."

"हातोडीला कापड गुंडाळ. ठोका पडतो, पेटी हलते, बोटाला कळतं. आवाज हा गिऱ्हाइकाचा. देताना कापड काढायचं." आप्पांनी बिस्कीट पुन्हा उचललं. "मी बोललो असतो आधी. मला वाटलं, गडी माझ्यासारखाच बहिरा असेल. हाक मारली तर येत नाही."

*

एक वाजायला पंचेचाळीस मिनिटं होती. दादांनी भिंग चढवलं आणि ते एकदम दहा वर्षांनी तरुण झाले.

"लोकर लागेल. जाड."

वहिनी आत गेल्या आणि एक खाकी मफलर घेऊन आल्या.

"हा तू विणलेला," दादा म्हणाले.

"म्हणूनच. घड्याळं तरी वापरतील."

वहिनींनी पट्ट्या कापल्या, बेबीने दोरे तोडले, दादा आणि आप्पा घड्याळांच्या पाठी उघडत गेले. एका घड्याळाला एकच हात, हा दुकानाचा दुसरा नियम. तो बाराव्या घड्याळापाशी मोडला, जेव्हा दादांनी न बघता हात पुढे केला आणि बेबीने त्यात चिमटा ठेवला. लहानपणी ती हेच काम करायची. कोणता चिमटा हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

"दाताचं काय म्हणाला?" दादांनी आत बघतच विचारलं.

"काढावा लागेल."

"मी येईन बरोबर. तू चक्कर येऊन पडतेस."

"नऊ वर्षांची होते तेव्हा."

"मग आता वरून पडशील, उंच झालीस."

बाई निघू शकल्या असत्या. पण फॉर्म अर्धा होता आणि त्यांना स्वस्थ बसण्याची सवय नव्हती. त्यांनी विचारलं, "मी काय करू?" दादांनी त्यांना मोजणीचं काम दिलं. घरातल्या घड्याळांवरच्या चिठ्ठ्या मोजायच्या, एकही सुटता कामा नये. बाई वर-खाली फिरल्या, कपाटांत डोकावल्या, आणि एक वाजायला आठ मिनिटं कमी असताना जाहीर केलं, "एक्केचाळीस चिठ्ठ्या. सगळ्यांना कापड लागलंय."

"बरोबर," दादा म्हणाले. "एक्केचाळीस."

खटके पडले असावेत. पाहुणा, जो मधल्या वेळात बाहेर येऊन मफलरच्या कातरणांचा वास घेत होता, त्याने कान उचलले आणि जिन्याकडे बघितलं. पण वाट बघत राहिला. सगळेच वाट बघत राहिले. दादा दुकानाच्या दारात, एक हात भिंतीवरच्या घड्याळावर टेकवून.

स्वयंपाकघरातल्या घड्याळाने मांजर उशीवरून उतरावं तेवढा आवाज केला. मग दुकानातून मऊ, मिटल्या तोंडाचे ठोके, एकामागून एक. दादांच्या बोटाला ते कळत होते. त्यांनी मान डोलावली. आणि मग घर कधी नव्हे इतकं शांत झालं. बेबीला वाहत्या नळाचा आवाज आला, बाहेर कोणी सायकल टेकवल्याचा, वहिनींच्या बांगडीचा. हे सगळं इथे रोज होत असणार.

मग जिन्यापाशी पणजोबांच्या घड्याळाने एक टोला दिला. पूर्ण, पितळी, अंगाला लागेल असा.

वहिनी किंचाळल्या. बाईंच्या हातातून पेन सुटलं. बेबीने टेबल धरलं, आणि साठ वर्षं घड्याळांत काढलेले दादा हातभर मागे सरकले. आप्पांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "काय झालं?"

पणजोबांचं घड्याळ गिऱ्हाइकाचं नव्हतं, घरचं होतं. त्याला कधीच कोणी चिठ्ठी बांधली नव्हती. एक्केचाळिसावी चिठ्ठी कठड्याला होती, तपकिरी वर्णनाची. बाईंनी ती प्रामाणिकपणे मोजली होती.

पाहुणा जिन्याखाली गेला नाही. जिना त्या आवाजाच्या बाजूला होता आणि त्याने बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच दुसरा पर्याय तपासला. तो टेबलाखालून सुसाट निघाला, बेबीच्या पायांवरून गेला, वहिनींना वळसा घातला आणि दुकानाच्या दारात दादांच्या दोन बुटांच्या मध्ये डोकं घालून बसला. सगळं अंग थरथरत होतं. थोड्या वेळाने फक्त मागचं थरथरत राहिलं, आणि मग लक्षात आलं की ती शेपूट आहे.

दादा हलले नाहीत. हलता येत नव्हतं.

बेबीला क्षणभर काहीतरी टोचलं. तीन आठवडे उकिडवी तीच बसली होती. मग तिने भावाचा चेहरा बघितला. तो कसा दिसत होता हे तिने कुठल्याही लिपीत उतरवून घेतलं नसतं.

"वीस मिनिटं बूट," वहिनी कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या.

बाईंनी पेन उचललं. "नऊ नंबर. नाव सांगा."

"दादा लिहा," बेबी म्हणाली. "सगळे तेच म्हणतात."

"आणि कुत्र्याचं? पाहुणा हे कायमच्या कुत्र्याचं नाव बरं दिसत नाही हो."

"राहू द्या," दादा खाली बघत म्हणाले. "सवय झालीय." मग त्यांनी हात पुढे केला. "बेबी, ते कात्रण दे."

तिने दिलं. दादांनी त्याची घडी घातली, त्या घडीची घडी, मग आणखी एक, कागद पुढे घडी होईना तोवर. अंगठ्याच्या नखाने कडा दाबली आणि ते परत तिच्या हातात दिलं.

"पणजोबांच्या घड्याळाच्या डाव्या पायाखाली सरकव. कित्येक दिवस लंगडतंय. मीच सरकवलं असतं," ते म्हणाले, "पण मला आत्ता हलता येत नाहीय."

बेबी गुडघ्यांवर बसली आणि कागद पायाखाली सारला. लंबक दोनदा अडखळला, मग सरळ चालू लागला. आप्पांनी पेटीवर बोट टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता बरोबर."